समाजशास्त्र घेतलं तर पुढे काय? देवगडच्या एका विद्यार्थिनीला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी देवगड तालुक्यातली, कला शाखेतून नुकतीच बारावी झालेली. अकरावी-बारावीला समाजशास्त्र तिला मनापासून आवडलं. आता याच विषयात बीए आणि पुढे विद्यापीठात एमए करावं असं तिच्या मनात आहे. वडिलांची थोडी हापूसची कलमं आहेत, हंगाम संपला की ते मिळेल ते काम करतात. मुंबईची आत्या म्हणते, "असले विषय घेऊन पोट भरत नाही, तिला नर्सिंगला घाला." मुलीने तीन गोष्टी विचारल्या आहेत: या विषयाला स्कोप आहे का, मुंबईला जावं की इथेच शिकावं, आणि एमएपेक्षा एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) बरं का.

मी कोकणातल्या कॉलेजात बरीच वर्षं समाजशास्त्र शिकवते आहे आणि त्याच्या जोडीने संस्थांसाठी पाहणीची, मूल्यमापनाची कामं करते. म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणारी मुलं मला दिसतात, आणि कामाला माणसं शोधताना त्यांच्यात काय कमी पडतं तेही दिसतं. त्या दोन्ही अनुभवांवरून लिहिते.

स्कोपच्या प्रश्नाच्या पोटात खरं तर दुसरा प्रश्न आहे: तुमची कमाई सुरू होईपर्यंत घर किती वर्षं थांबू शकतं? नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची बीए आणि मग दोन वर्षांचं एमए, किंवा चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि मग एका वर्षाचं एमए, अशा दोन वाटा आहेत. दोन्हींची बेरीज पाच वर्षंच होते. त्यानंतर स्थिर होईपर्यंत आणखी एक-दोन वर्षं धरा. तीन-साडेतीन वर्षांत घरात पगार आलाच पाहिजे अशी परिस्थिती असेल, तर आत्याचं म्हणणं बरोबर आहे. नर्सिंगला काम तुलनेने लवकर मिळतं, आणि ते मानाचं काम आहे. समाजशास्त्राची ओढ त्यानंतरही राहिली, तर नोकरी करता करता इग्नू किंवा मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून या विषयाची पदवी घेता येते. पण पाच-सहा वर्षं, ओढाताण करून का होईना, निघू शकत असतील तर पुढचं वाचा.

आधी कडू भाग सांगते. "समाजशास्त्रज्ञ पाहिजे" अशी जाहिरात रत्नागिरी-सिंधुदुर्गात तुम्हाला जवळपास दिसणार नाही. विषयाचं नाव घेऊन येणाऱ्या जागा मोजक्या: कॉलेजातलं अध्यापन, जिल्हा परिषदेच्या अंगणवाडी पर्यवेक्षिका (तिथे गृहविज्ञान, बालविकास, पोषण अशा विषयांबरोबर समाजशास्त्राचंही नाव असतं), आणि महिला-बालविकास किंवा आरोग्याच्या योजनांमधली काही कंत्राटी पदं. बाकी बहुतेक ठिकाणी "कोणत्याही शाखेची पदवी" एवढंच लिहिलेलं असतं. तिथे तुमच्याबरोबर इतिहासवाले, वाणिज्यवाले, सगळेच रांगेत असतात. त्या रांगेत समाजशास्त्राची मुलगी वेगळी ठरते ती एकाच गोष्टीने: तिला माणसांना नीट विचारता येतं, मिळालेली उत्तरं मोजता येतात आणि जे कळलं ते स्वच्छ लिहिता येतं. हे शिकवणारा पेपर म्हणजे संशोधन पद्धती. मुलं याच पेपरला सगळ्यात जास्त घाबरतात, गाईडवरून कसाबसा काढतात आणि विसरून जातात. माझ्या पाहण्यातली जी मुलं आज या विषयावर जगताहेत, त्यांनी हा पेपर मनापासून केला होता. माझ्या सगळ्या सल्ल्याचा गाभा एवढाच आहे, बाकी त्याचा तपशील.

विषय नेमका काय शिकवतो हे वडिलांना सांगता आलं पाहिजे, म्हणून आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घेते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली, महाराष्ट्राची वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली. रत्नागिरी १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १०३६. हा आकडा वाचून पुष्कळ जण म्हणतात, वा, कोकणात बाईला मान आहे. समाजशास्त्राचा विद्यार्थी तिथे थांबतो. तो ०–६ वयोगटाचं प्रमाण काढतो, आणि तिथे मुली मुलग्यांपेक्षा कमीच दिसतात. म्हणजे मोठ्या वयात बायका जास्त दिसतात त्याचं कारण पुरुष मुंबईला गेलेत, हे आहे. मग पुढचे प्रश्न येतात. पुरुष बाहेर असताना घर, शेत, गुरं, म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बाईचं नाव सातबारावर आहे का? सोसायटीचं कर्ज कोणाच्या सहीने मिळतं? १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्यांची मनीऑर्डर थांबली, तेव्हा त्या घरांनी काय केलं? शिमग्यात पालखीचा मान कोणत्या घराण्याला, आणि त्या मानाचा जुन्या खोतीशी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या वतनदारीशी, काय संबंध? खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण वाडीतली बसण्या-उठण्याची रीत त्याबरोबर गेली का?

हे प्रश्न तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. विद्यापीठ त्यांना शिस्त लावायला शिकवतं. आणि या विषयाशी कोकणाचं नातं जुनं आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला, आणि १९२४ पासून पस्तीस वर्षं तो ज्यांनी घडवला ते गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास हे दोघेही त्यांच्या हाताखाली शिकले. १९५१ साली इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटीची स्थापना झाली तीही घुर्यांच्याच पुढाकाराने. देवगडपासून मालवण किती लांब आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. हा विषय परक्यांचा आहे असं मनात आणू नका.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल, कारण पोट त्यावर भरतं. पाहणीचं काम म्हणजे कागद घेऊन दारोदार हिंडणं एवढंच लोकांना वाटतं. कोकणात हे काम करायचं तर आधी वर्षाचं चक्र माहीत लागतं. मार्च ते मे आंबा-काजूच्या धामधुमीत बागायतदाराकडे तुमच्यासाठी वेळ नसतो, आणि बागेत जी माणसं राबतात त्यांतले पुष्कळ जण नेपाळहून आलेले असतात, त्यांचं नाव गावच्या कुठल्याच यादीत नसतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, तेव्हा गाबीत वाड्यांवर, खारवी वाड्यांवर माणसं निवांत भेटतात. पण त्या काळात उत्पन्न विचारलंत तर मिळणारा आकडा वर्षाचा धरता येत नाही. गणपतीत चाकरमानी आले की प्रत्येक घर भरलेलं, त्या आठवड्यात कुटुंबाची माणसं मोजलीत तर सगळाच हिशेब चुकतो. पुण्या-दिल्लीहून आलेल्या पथकाला हे सांगावं लागतं. तुम्हाला सांगावं लागणार नाही, आणि या माहितीला बाजारात किंमत आहे.

दुसरी गोष्ट, कोणाला विचारता. घरातल्या पुरुषाला विचारलं, "वहिनी काय करतात?" तर उत्तर येतं, "काय नाय, घरीच असतात." त्याच वहिनी पहाटे बंदरावर लिलावाला उभ्या असतात, सुकं घालतात, बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन बसतात. सरकारी रोजगार पाहणीत घरकाम करणाऱ्यांसाठी ९२ आणि ९३ असे दोन संकेतांक आहेत. ९२ म्हणजे फक्त घरकाम, ९३ म्हणजे घरकामाबरोबर घरच्यासाठी लाकूडफाटा गोळा करणं, शिवणटिपण अशी कामं. मासे विकणारी बाई या दोन्हींत बसत नाही, ती स्वयंरोजगारात मोडते. प्रश्न विचारणाऱ्याने एक जादा प्रश्न विचारला नाही तर ती कमावती बाई देशाच्या आकडेवारीतून गळून पडते. एवढ्या बारीक ठिकाणी हे काम चांगलं किंवा वाईट होतं, आणि म्हणून मला त्याबद्दल इतकी आस्था आहे.

तिसरी गोष्ट विश्वासाची. एका वाडीवर एक आजी मला म्हणाली होती, "ह्यां सगळां लिवन घेवन आमकां काय गावतलां?" (म्हणजे, काय मिळणार?) हा प्रश्न प्रत्येक जण विचारणार, आणि त्याला खोटं उत्तर द्यायचं नाही. घरकुल मिळेल, पैसे येतील असं सांगून माहिती काढणारे असतात. त्यांच्यानंतर त्या वाडीत कोणी दार उघडत नाही. माहिती कशासाठी घेतो ते सांगायचं, नाही म्हणण्याचा हक्क द्यायचा, आणि नावं बाहेर जाऊ द्यायची नाहीत. पर्ससीन (मोठ्या जाळ्यांचे यांत्रिक बोटवाले) आणि पारंपरिक मच्छीमार यांच्या वादात कोण काय बोललं हे फुटलं, तर त्या माणसाला गावात राहणं कठीण होतं. पुस्तकात याला संशोधनाची नीतिमत्ता म्हणतात.

हे काम देतं कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या मोठ्या पाहण्यांना क्षेत्रीय माणसं लागतात. स्वयंसेवी संस्थांना प्रकल्पाआधी आणि प्रकल्पानंतर पाहणी करावी लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. २०२१ पासून ज्यांची ही रक्कम १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं मूल्यमापन बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून करून घेणं बंधनकारक आहे. हे मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना गावातली भाषा समजणारी आणि अहवाल लिहू शकणारी माणसं हवी असतात. शिवाय २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी आहे, आणि तो अभ्यास तपासणाऱ्या तज्ज्ञगटात दोन अशासकीय सामाजिक शास्त्रज्ञ असावेत असं कायदाच म्हणतो. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, अणुऊर्जा असे काही विषय या अभ्यासातून वगळले आहेत, हेही लक्षात ठेवा. जैतापूर, नाणार, बारसू ही नावं ऐकत तुम्ही मोठ्या झालात. कोणत्याही बाजूचे असा, प्रकल्पाने कोणाचं काय जातं हे पद्धतशीर मांडता येणारी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत.

या क्षेत्राचा क्रम असा असतो: आधी अन्वेषक (घरोघर जाऊन माहिती घेणारा), मग पर्यवेक्षक, मग संशोधन सहायक, आणि पुढे प्रकल्पाची जबाबदारी. पहिल्या दोन पायऱ्यांवर काम तुकड्या-तुकड्याने मिळतं, दोन महिने आहे, तीन महिने नाही. बीएवरच थांबलात तर बहुधा इथेच अडकाल. तिसऱ्या पायरीला एमए आणि आकडेवारीचं ज्ञान लागतं. सरकारच्या उमेद अभियानात, माविममध्ये (महिला आर्थिक विकास महामंडळ) बचत गटांबरोबर तालुका पातळीवर काम मिळतं. तेही बरंचसं कंत्राटी असतं, पण माणसं ओळखायला ती उत्तम शाळा आहे.

अध्यापनाबद्दल स्पष्ट बोलते, कारण पुष्कळ मुलं मनात तेच धरून येतात. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगात ५७,७०० रुपये आहे, आणि तो आकडा ऐकून डोळे चमकतात. त्यासाठी एमएला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा लागते. पात्र माणसं भरपूर आणि कायम जागा थोड्या, त्याही वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. दरम्यान नेट-सेट झालेली माणसं तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात, सुट्टीत काहीच मिळत नाही, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यावी लागते. माझ्या ओळखीतली अत्यंत हुशार माणसं चाळिशीपर्यंत अशी राहिली आहेत, आणि ते पाहून मला वाईट वाटतं. म्हणून प्राध्यापकी हे एकच ध्येय धरून एमएला जाऊ नका. नेट मात्र जरूर द्या, कारण त्यातून जेआरएफ (संशोधनाची अधिछात्रवृत्ती) मिळाली तर पीएचडी करताना महिना ३७,००० रुपये मिळतात, आणि ते खऱ्या अर्थाने संशोधनाचं वेतन आहे. प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्ती आहेत. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एमएबरोबर बी.एड. लागतं. दहावीपर्यंत समाजशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही, त्यामुळे शाळेचा विचार असेल तर पदवीला इतिहास, भूगोल किंवा भाषा सोबत ठेवा.

एमएसडब्ल्यूचा तुमचा प्रश्न चांगला आहे. एमएसडब्ल्यू हे व्यवसायाचं शिक्षण आहे. आठवड्यातले ठरलेले दिवस संस्थेत, रुग्णालयात, वस्तीत काम करावं लागतं, आणि रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकापासून समुपदेशकापर्यंत पुष्कळ जाहिराती थेट एमएसडब्ल्यू मागतात. नोकरी लवकर लागण्याच्या दृष्टीने त्याचं पारडं जड आहे. समाजशास्त्राचं एमए तुम्हाला कारणं शोधायला, पुरावा तपासायला शिकवतं. दारू पिणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला आज संध्याकाळी कुठे न्यायचं, हे एमएसडब्ल्यूवाली जाणते. या पट्ट्यात दारूचं प्रमाण का वाढलं, हे समाजशास्त्रवाली शोधते. तुमचा जीव कशात रमतो ते बारावीनंतर लगेच कळत नाही. बीए समाजशास्त्रात करा, मधल्या काळात एखाद्या संस्थेत काम करून पाहा, आणि तिसऱ्या वर्षी ठरवा. दोन्ही दारं तोपर्यंत उघडी राहतात. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था (टिस) आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, ही एमएसडब्ल्यूची जुनी ठिकाणं आहेत.

स्पर्धा परीक्षांविषयी थोडक्यात. यूपीएससीला समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो, २५० गुणांचे दोन पेपर, एकूण ५००. अभ्यासक्रम आटोपशीर आहे आणि निबंधाला, सामान्य अध्ययनाला त्याचा उपयोग होतो. उत्तरं मराठीतून लिहिता येतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिथेही हा विषय आहे. पण केवळ परीक्षेसाठी म्हणून बीए करणं आणि मग चार-पाच वर्षं पुण्यात खोली घेऊन बसणं हे तुमच्या घराला परवडणारं नाही, असं प्रश्नावरून दिसतं. कायद्याची तीन वर्षांची पदवी हाही बीएनंतरचा चांगला रस्ता आहे. लोकसंख्याशास्त्रात गोडी वाटली तर देवनारची आयआयपीएस ही १९५६ पासूनची नामवंत संस्था आहे. तिथे आकडेवारीची तयारी लागते. मनुष्यबळ विभाग, पत्रकारिता, बाजार संशोधन इथेही आपली मुलं आहेत, पण तिथे पदवीपेक्षा तुमचं बोलणं-लिहिणंच बघतात.

आता कॉलेज. माझा सल्ला, बीए घराजवळ करा आणि एमए बाहेर. घराजवळ म्हणजे देवगड, कणकवली, मालवण, फार तर रत्नागिरी. प्रवेश घेण्याआधी ऑफिसात न विचारता थेट विभागात जाऊन विचारा: समाजशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत मेजर (मुख्य विषय) म्हणून मिळतं का? की दुसऱ्या वर्षानंतर विद्यार्थी नाहीत म्हणून बंद होतं? विभागात कायम शिक्षक आहे का? फील्ड प्रोजेक्ट खरोखर करून घेतात की छापील वह्या जमा करतात? नव्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट, समुदाय सहभाग आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना श्रेयांक आहेत. आमच्या वेळी असं काही नव्हतं. त्याचा पुरेपूर फायदा घ्या. बंदर, बाग, बचत गट, ग्रामपंचायत, सगळं तुमच्या उंबऱ्याशी आहे. मुंबईच्या मुलीला यातलं काही मिळत नाही.

मायनर (दुय्यम) विषय निवडताना मैत्रिणीने काय घेतलं ते पाहू नका. अर्थशास्त्र मिळत असेल तर ते घ्या. नसेल तर भूगोल, त्यातही नकाशाकाम शिकवत असतील तर फारच उत्तम. या जोडीला एक्सेल नीट शिका, आणि कोबो टूलबॉक्ससारखं मोबाईलवर माहिती भरायचं साधन वापरायला शिका. ते फुकट आहे आणि पाहणीवाल्या पुष्कळ संस्था तेच वापरतात. टक्केवारी, सरासरी आणि मध्यक यांतला फरक, नमुना कसा निवडतात, एवढं बीए संपेपर्यंत पक्कं झालं पाहिजे. त्याच्यापुढचं सांख्यिकी एमएला.

इंग्रजीकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. मराठीतून उत्तरं लिहा, मराठीतून विचार करा, त्यात काहीही कमीपणा नाही. पण या विषयातलं बरंचसं चांगलं वाचन इंग्रजीत आहे, नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत येते, आणि संस्थांचे अहवाल इंग्रजीत लिहावे लागतात. कोकणातून एमएला गेलेली मुलं पहिल्या सहामाहीत गप्प बसतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, या एका गोष्टीमुळे. रोज एक पान, शब्दकोश हाताशी घेऊन, तीन वर्षं. त्याने पुढचा सगळा त्रास टळतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

एमएसाठी मुंबई विद्यापीठाचं कलिना संकुल आहेच. आत्या मुंबईत आहे ही सोय मोठी वाटते, पण डोंबिवली-विरारहून लोकलने रोज ये-जा करत, नातेवाइकांच्या एका खोलीत अभ्यास करणं फार कठीण जातं, मुलींना तर जास्तच, कारण घरकामही अंगावर येतं. वसतिगृह मिळालं तरच मुंबई. देवगडहून कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि गोवा विद्यापीठ जवळ पडतात, दोन्हींत समाजशास्त्राचे विभाग आहेत आणि खर्च कमी येतो. सीयूईटी-पीजी ही परीक्षा दिली तर हैदराबाद किंवा दिल्लीच्या केंद्रीय विद्यापीठांचाही विचार करता येतो. तिथे शुल्क आवाक्यातलं असतं आणि देशभरच्या मुलांबरोबर बसायला मिळतं. टिसच्या प्रवेशासाठीही हीच परीक्षा लागते. आर्थिक ताण असेल तर महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज वेळेत भरा; जात-उत्पन्नाचे दाखले आत्ताच काढून ठेवा.

घरी बोलताना "मला आवडतं" एवढ्यावर थांबू नका. वडिलांची काळजी रास्त आहे, तिला वर्षांच्या भाषेत उत्तर द्या: पहिली तीन वर्षं घरूनच, त्यामुळे खर्च कमी, दुसऱ्या वर्षापासून सुट्टीत पाहणीचं काम, त्यातून थोडे पैसे आणि अनुभवाचं पत्र, तिसऱ्या वर्षी एमए की एमएसडब्ल्यू की बी.एड. हा निर्णय; आणि त्या वेळी घरची स्थिती बिघडली असेल तर पर्यवेक्षिका, उमेद, बँक, तलाठी अशा पदवीवरच्या परीक्षा. असा बेत समोर ठेवला की वडीलही आकड्यांत बोलू लागतात आणि आत्याशीही भांडण होत नाही.

म्हणजे माझं उत्तर असं झालं. घर पाच-सहा वर्षं धरू शकत असेल आणि संशोधन पद्धती, आकडे, इंग्रजी यांची मेहनत करायची तयारी असेल, तर समाजशास्त्र घ्या, बीए इथेच करा. तयारी फक्त वाचून पेपर देण्याची असेल, तर घेऊ नका.

प्रवेशाआधी हाताशी थोडे दिवस आहेत, त्यात एक काम करून पाहा. आपल्या वाडीतल्या प्रत्येक घराची नोंद करा: घर उघडं की बंद, बंद असेल तर माणसं कुठे, उघडं असेल तर आत्ता कोण कोण राहतं, कमाई कशाची, आणि घरपट्टी कोणाच्या नावावर. विचारून, सांगून, नाही म्हणणाऱ्याचा मान ठेवून. २०२७ ची जनगणना होणार आहे, तेव्हा तुमची वही तिच्या शेजारी ठेवून बघता येईल. हे करताना कंटाळा आला तर तोही उपयोगी निष्कर्ष आहे, आणि रात्री झोपताना आणखी प्रश्न सुचू लागले तर प्रवेश अर्ज भरा.

पुढच्या निरोपात एवढं कळवा: अकरावी-बारावीला अर्थशास्त्र होतं का, जवळच्या कोणत्या कॉलेजात मेजर मिळतंय, आणि घरातून महिन्याला साधारण किती खर्च झेपेल. त्यावरून मायनर आणि एमएचं ठिकाण याबद्दल मला नेमकं सांगता येईल.